सदू गोताड आणि घरगाडीतला ओव्हन

सदू गोताड पहिल्यांदा शेवड्यांच्या घरी आला, तेव्हा अर्ध्या आळीला वाटलं की पालखी आली.

शिमग्याला अजून पाच महिने होते. घट उठून चार दिवस झाले होते, भातं कापणीला आली होती, आणि अशा भलत्या वेळी ग्रामदेवता कुणाच्या दारात जात नाही हे रत्नागिरीतल्या लहान मुलालाही कळतं. पण आवाजच तसा होता. सदूच्या लूनाला दोन्ही बाजूंनी शेगड्यांच्या जाळ्या, बर्नर, पितळी नळ्या, कुकरची झाकणं आणि हॉटेलातला एक अख्खा तवा टांगलेला असे, आणि आळीत त्या वर्षी रस्ता कमी नि खड्डे जास्त होते. दर खड्ड्याला ढोल, ताशा आणि झांज एकदम वाजायची. शेजारच्या काशीकाकूंना दाराची बेल ऐकू येत नाही, पण पालखी तीन गावं पलीकडून ऐकू येते. त्या ओटीचं ताट घेऊन धावत फाटकापाशी आल्या. फणसावरचे सगळे कावळे उठले आणि, अण्णा शेवड्यांच्या म्हणण्यानुसार, थेट दिवाळीनंतर परत आले. लूनाने थांबताना असा काही धूर सोडला की त्यातून आधी मिश्या बाहेर आल्या, मग चष्मा, आणि बऱ्याच वेळाने सहा फूट दोन इंचांचा सदू. लूनावर बसला की त्याचे गुडघे कानांना लागत.

त्याने काशीकाकूंच्या ताटाकडे पाहिलं, वाकून नमस्कार केला, ताटातला नारळ उचलून हँडलला अडकवला आणि म्हणाला, "बाकीचं ऱ्हाऊंदे काकी. आदी वाईच चाय."

मालिनीबाई शेवडे पडवीतून हे सगळं पाहत होत्या.

"शेगड्या दुरुस्त करणारा तूच का?" त्यांनी विचारलं.

"शेगडी काय नि बंब काय, बाई. जाळ पायजे तितं लागत नसंल तर मना बोलवायचं. नको तितं लागला तर आगीच्या बंबवाल्यांना."

चहा झाला. त्यानंतर तो अंगणातल्या घरगाडीत शिरला, ओव्हनचं दार उघडून त्यात डोकं घातलं, मग खांदे घातले, आणि पुढची चाळीस मिनिटं मालिनीबाईंची जी काय ओळख झाली ती सदूच्या तळपायांशी. ओव्हन केवढा, तर दोन मांजरं दाटीने बसतील एवढा. त्यात सहा फुटांचा माणूस गेला कसा, हे मालिनीबाईंना आजही कळलेलं नाही.

"बाई," तळपाय म्हणाले, "त्रास कदीपास्नं हाय?"

"आम्ही पेटवायला घेतला तेव्हापासूनच."

"पिवळा जाळ नि काजळी? का पेटतच नाय?"

"पेटतो. पिवळा, लांब, आळसावलेला. बटण सोडलं की विझतो."

"सोडलं की इजतो," तळपाय समाधानाने म्हणाले. "म्हंजे मानसाचा हात लागतो त्याला. गरीब हाय सोभावानं."

त्या ओव्हनवर काय अवलंबून होतं, ते आता सांगायला हवं.

मालिनीबाईंनी तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. खडू न उचलता दोन मिनिटांत फळ्यावर भारताचा नकाशा काढायच्या त्या. काश्मीरपासून निघालेला खडू पश्चिमेने खाली येता येता कच्छपाशी किंचित थबकायचा, हे मागच्या बाकावरच्या पोरांनाही ठाऊक होतं. पांढरं रण. क्षितिजापर्यंत मीठ. मालिनीबाईंनी ते शेकडो मुलांना समजावून सांगितलं होतं आणि स्वतः ठाण्याच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. कारण त्या आंबा बागायतदाराची बायको होत्या. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली की बागेत आंबा. दिवाळीची सुट्टी लागली की बागेत साफसफाई. आणि एकदा थंडी पडली की झाडं मोहोरतात, झाडं मोहोरली की अण्णा बागेतून हलत नाहीत. फवारणी, राखण, पुन्हा फवारणी, मग आंबा, मग पाऊस. दिवाळीची साफसफाई गड्यांवर टाकली तर वर्षात एक फट राहते ती दसऱ्यापासून थंडी पडेपर्यंत. निवृत्त झाल्यापासून मालिनीबाई या फटीवर डोळा ठेवून होत्या.

आणि या वर्षी अण्णा "हो" म्हणाले होते.

त्याला कारण घरगाडी. त्यांच्या मुलाने, सलिलने, पुण्यात मित्राबरोबर धंदा काढला होता. आत पलंग, बेसिन, फ्रिज, संडास आणि परदेशी ओव्हन असलेली गाडी लोकांना फिरायला भाड्याने द्यायची. लोकांनी गाडीबरोबर फोटो काढून घेतले आणि फिरायला आपापल्या मोटारीने गेले. धंदा बसला. मित्राने धंद्याचं नाव ठेवून घेतलं, सलिलच्या वाट्याला गाडी आली, आणि सलिलने ती आईवडिलांच्या अंगणात आणून लावली. तिथे ती दोन पावसाळे उभी होती. पहिल्या वर्षी आळीतली सगळी माणसं तिच्यातला संडास बघून गेली.

"म्हणजे आपण पुढे, आणि तो आपल्या मागून येणार?" काशीकाकूंनी विचारलं होतं. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

अण्णांची अट मात्र होती. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपासून त्यांना तळलेलं बंद, हॉटेलचं बंद, तेलाचा वासही बंद. मालिनीबाईंनी घरच्या ओव्हनवर त्यांचा सगळा संसार नव्याने बसवला होता. नाचणीची बिस्किटं, भाजलेले वडे, भाजलेली कोथिंबीरवडी, एकदा तर भाजलेलं पोह्याचं काहीतरी, ज्याला अजून नाव मिळालेलं नाही. "गाडीतला ओव्हन चालू असेल तर येतो," अण्णा म्हणाले होते. "नाहीतर कच्छपर्यंत मी काय मीठ खात जाऊ?"

म्हणून सदू.

सदू मूळचा संगमेश्वराकडच्या आतल्या गावचा. विसाव्या वर्षी मुंबईला गेला, कुर्ल्याला हॉटेलांच्या भट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात लागला आणि वीस वर्षं तिथे राहून पन्नास माणसांची इडली एकदम उकडणाऱ्या यंत्रापासून तंदूरपर्यंत सगळ्याच्या पोटात हात घालून आला. कारखाना बंद पडल्यावर परत आला, शहरात एक गाळा घेतला, पण गाळ्यात कधी बसला नाही. त्याचं म्हणणं, आजारी माणसाने डॉक्टरकडे जावं, पण शेगडीला पाय नसतात.

त्याच्या कामाची रीत ठरलेली होती. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी तो गाऱ्हाणं घालायचा. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायची, डोळे मिटायचे आणि देवाला सविस्तर अर्ज करायचा. हजर असेल त्याने मधेमधे होकार भरायचा, ही सक्ती.

"बा देवा म्हाराजा! ह्यो शेवड्यांचा ओवन आज तुज्या पायाशी आनलाय..."

सदूने एक डोळा उघडला.

"बाई, व्हय म्हाराजा म्हना. नायतर अर्ज तसाच ऱ्हातो."

"व्हय महाराजा," मालिनीबाई म्हणाल्या. त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनावर शाळेत अकरा वेळा भाषण केलं होतं.

"त्येच्या नळीत कचरा असंल, त्येच्या मनात राग असंल, परदेशातनं आल्यामुळं त्येला हितली हवा मानवत नसंल..."

"व्हय महाराजा."

"तर त्यो राग बाजूला कर, नि बाईंना नि अण्णांना त्या... बाई, कुटं जायचंय?"

"कच्छ."

"कच्चला सुकरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय महाराजा!" हे अण्णांनी खिडकीतून म्हटलं. ते कुठून आले कुणाला कळलं नाही.

पहिल्या दिवशी सदूने दाढीच्या मगात साबणाचा फेस केला, दाढीच्याच ब्रशाने तो सिलिंडरपासून ओव्हनपर्यंत प्रत्येक सांध्याला लावला आणि बुडबुडा येतो का ते बघत अर्धा तास बसला. बुडबुडा आला नाही. गॅस कुठे गळत नव्हता. वरचे दोन्ही बर्नर झकास पेटत होते. "म्हंजे रक्त हाय," सदू म्हणाला, "पन पायात उतरत नाय."

दुसऱ्या दिवशी त्याने निदान केलं की ज्योतीजवळचा तापमानाचा काटा मेलाय. ज्योत लागल्याचं त्या तांब्याच्या काट्याला कळलं की तो गॅस चालू ठेवतो, नाही कळलं की बंद करतो. काटा मुंबईहून मागवावा लागला. तो यायला आठ दिवस गेले. नवा काटा बसवला. ओव्हन पेटला, पिवळा, लांब, आळसावलेला. बटण सोडलं. विझला.

"नवीन हाय. लाजतोय," सदू म्हणाला.

मग त्याला शंका आली की गाडीच वाकडी उभी आहे. त्याने ताटलीत पाणी घेऊन ती ओव्हनवर ठेवली, एक डोळा मिटून पाहिलं आणि डाव्या मागच्या चाकाखाली जांभ्याचा चिरा घालायला लावला. मग उजव्या. मग परत डाव्या. गाडी अशी उंच झाली की अण्णांना आत चढायला स्टूल लागलं. ओव्हन विझला. मग त्याला वाटलं की वारा समोरून लागतोय. म्हणून अण्णा, सदू आणि बागेतले दोन गडी यांनी मिळून अख्खी गाडी अंगणात फिरवून तोंड मागच्या आगराकडे, नारळी-पोफळींकडे, केलं. यात एक कर्दळ गेली आणि न्हाणीघराच्या कोपऱ्याचा एक चिरा निघाला. ओव्हन विझला.

"सदू," मालिनीबाई म्हणाल्या, "दिवाळी झाली. आज पहाटे मला चादर घ्यावी लागली."

यातली चादर सदूला बरोबर कळली. रत्नागिरीत पहाटे चादर लागणं ही बातमी असते. त्याने टोपी काखेतून काढून डोक्यावर घातली, म्हणजे आता देवाचं काम संपलं नि त्याचं सुरू झालं, आणि ओव्हनचा तळाचा पत्रा खोलला. चार स्क्रू. बर्नर बाहेर काढला. बर्नरच्या मागच्या नळीला बाजूने एक भोक असतं, तिथून हवा आत जाते, गॅसमध्ये मिसळते, आणि जाळ निळा होतो. सदूने तिथे बोट घातलं. बोट गेलं नाही.

त्याने बॅटरी मारली. आणि तो हळूच मागे सरकला, उकिडवा बसला, टोपी पुन्हा काढली.

"कुंभारीन," तो कुजबुजला.

नळीत मातीचं घर होतं. ओली माती तोंडाने आणून कुंभारमाशीने थापलेलं, खडबडीत, लहान लहान खोल्यांचं, नळीच्या तोंडापासून आतपर्यंत गच्च भरलेलं. दोन पावसाळे उभ्या गाडीत तिला याहून कोरडी, निवांत जागा मिळाली नसती.

"सापडलं!" मालिनीबाई आनंदाने ओरडल्या. "काढ ते."

"नाय."

"नाय म्हणजे?"

"बाई, कुंभारीन घर बांदते तितं पाळना हलतो. तुमाला म्हायती नाय? घर मोडायचं नसतं. कोनाला दिवस गेलेत?"

मालिनीबाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी स्टुलाकडे पाहिलं.

"सदू, इथे मी बासष्ट वर्षांची आहे आणि हे अडुसष्ट."

"गाडी कोनाच्या नावावर हाय?"

"सलिलच्या."

सदूने दोन्ही तळहात वर केले. पाळणा सलिलकडे हलणार, हे त्याच्या मते ठरलं होतं.

अण्णांनी फोन लावला. अण्णांना फोन स्पीकरवर टाकूनच बोलता येतं, त्यामुळे जे झालं ते आळीने ऐकलं.

"सलिल, जरा विचारायचं होतं. काही... बातमी वगैरे?"

"कसली बातमी?"

"नाही, म्हणजे, इथे ओव्हन पेटत नाहीये."

मग सलिलच्या बायकोचा, अपूर्वाचा, आवाज आला. "अण्णा, तुमचा ओव्हन पेटत नाही म्हणून तुम्ही आम्हाला हे विचारताय?"

"मी नाही गं. सदू विचारतोय."

"सदू कोण?"

"ओव्हनवाला."

"त्यांना सांगा, आमच्याकडे मायक्रोवेव्ह आहे. त्यात काही होत नाही."

"वैनी, जपून ऱ्हावा हां!" सदू लांबूनच ओरडला. फोन बंद झाला.

संध्याकाळी काशीकाकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. शेवड्यांच्या घरात दिवस गेलेत एवढंच त्यांच्या कानापर्यंत पोचलं होतं, आणि सून पुण्याला असल्यामुळे त्यांनी आपल्यापरीने हिशेब केला होता. त्यांनी मालिनीबाईंच्या हातात डबा दिला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाल्या, "या वयात! देवाची लीला. पण आता पायरी जपून चढ गो."

मालिनीबाईंनी लाडू ठेवून घेतले. समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सदूला पडवीत समोर बसवलं, वर्गात बसवावं तसं. "ऐक. ही माशी आहे. ती कोळी पकडते, त्यांना बेशुद्ध करते, मातीत कोंडते, वर अंडं घालते. अळी ते कोळी खाते आणि मोठी होते. तिला कुणाच्या पाळण्याशी घेणं नाही. समजलं?"

"समाजलं."

"मग?"

सदूने चहा बशीत ओतला. मग तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, "आमच्या गावच्या घरात चौदा घरं हायत कुंभारनीची. बटनाच्या बोर्डात, आरशाच्या मागं, देवळीत. जनी एक मोडू देत नाय. माजी बायको. बोर्डात घर हाय म्हनून सात वरसं पंखा लावला नाय आमी. उकडतं."

"आणि?"

"आनी काय नाय. नाय झालं मूल." त्याने चहा संपवला. "तुमचं पुस्तक खरंच असंल बाई. पन एक जरी मोडलं असतं ना, तर जनीनं जलमभर म्हटलं असतं, मोडलं म्हनून. आता निदान तसं कोन म्हनत नाय."

त्याने बशी विसळली, पालथी घातली आणि उद्या येतो म्हणून गेला.

दुपारी अण्णा झोपल्यावर मालिनीबाई एकट्या स्टुलावर पाय ठेवून गाडीत चढल्या. सदूची हत्यारांची पिशवी तिथेच होती. त्यांनी मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला, खाली बसल्या, बर्नर मांडीवर घेतला. दोन मिनिटांचं काम. माती टोकरायची, नळी फुंकायची, बर्नर परत लावायचा. उद्या पहाटे निघालं तर पाचव्या दिवशी रण. त्यांनी टोक मातीला लावलं. मातीचा एक कण पडला.

अपूर्वाला मूल नको होतं. तिने आणि सलिलने ते दोघांनी मिळून ठरवलं होतं आणि सांगितलंही होतं, नीट, शांतपणे. मालिनीबाईंना ते मान्य होतं. त्यांचा विश्वास पुस्तकावर होता. आणि तरी पुढे कधी, काही वर्षांनी, त्या दोघांनी मन बदललं, आणि काही झालं नाही, तर? कुणी काही म्हणणार नव्हतं. कुणाला कळणारही नव्हतं. फक्त मालिनीबाईंना कळलं असतं.

त्यांनी पडलेला कण उचलून जिथला तिथे चिकटवायचा प्रयत्न केला. तो चिकटला नाही. त्यांनी बोटाला थुंकी लावून पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा बसला. मग त्या खाली उतरल्या, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

"किती दिवस?" दुसऱ्या दिवशी त्यांनी सदूला विचारलं.

"तीन आठवडं. पोरं आपली आपन भाईर येतील, मग घर रिकामं. रिकामं घर मोडाय हरकत नाय."

आणि मग रत्नागिरीत एका ओव्हनचं बाळंतपण सुरू झालं.

सदू रोज सकाळी यायचा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नळीला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. "हाय. वळवळ हाय," असं म्हणायचा. मग वेळ काढायचा म्हणून त्याने घरातली गॅसची शेगडी दुरुस्त केली, मग न्हाणीघरातला बंब, मग शिवणयंत्र, मग अण्णांच्या चष्म्याची काडी. काशीकाकूंना ओव्हनचं कळल्यावर त्यांनी लाडवांचा डबा परत मागितला नाही, पण एका शुक्रवारी त्या हिरवा खण, नारळ आणि तांदूळ घेऊन आल्या, कुणाला न विचारता गाडीत चढल्या आणि ओव्हनची ओटी भरली. मधल्या जाळीवर. तांदूळ जाळीतून खाली पडले. सदूने ते एक एक करून वेचले, कारण पुढे ते जळले असते.

"निदान आता माझी कुणी भरणार नाही," मालिनीबाई म्हणाल्या.

अण्णा या काळात रोज सकाळी उठून पडवीत हात बाहेर काढायचे, हवा किती गार आहे ते बघायचे आणि आत जायचे. मालिनीबाई त्यांचा हात बघायच्या. हात लवकर आत गेला, म्हणजे गारठा वाढला, की त्या दार लावून घ्यायच्या. रात्री त्या पांघरूण घेईनाशा झाल्या. अण्णा म्हणाले, "गार नाही वाटत?" तर म्हणायच्या, "छे! घाम येतोय." आणि कुडकुडत पडून राहायच्या.

विसाव्या दिवशी माशी आली. बारीक कमरेची, काळी, पिवळ्या पायांची. मातीला भोक पाडून ती नळीच्या तोंडावर आली, पंख वाळवत बसली आणि ओव्हनच्या उघड्या दारातून उडून काशीकाकूंच्या दिशेने गेली. सदूने टोपी काढली. मग दुसरी. मग तिसरी. दुपारपर्यंत सात. सातवी गेल्यावर सदूने अर्धा तास आणखी वाट पाहिली, "एकांदं आळशी असतं," म्हणून. मग त्याने रिकामी माती टोकरली, ती कागदात गुंडाळून खिशात ठेवली, नळी फुंकली, तारेने साफ केली, बर्नर बसवला, चार स्क्रू पिळले, आणि काडी लावली.

जाळ गोकर्णीच्या फुलासारखा निळा. त्याने बटण सोडलं. जाळ तसाच.

"व्हय म्हाराजा," मालिनीबाई आपण होऊन म्हणाल्या.

त्याच रात्री त्यांनी नाचणीच्या बिस्किटांचे चार डबे भरले. बिस्किटं खमंग झाली. सकाळी चिरे काढून गाडी खाली उतरवली. अण्णा स्वतः चालवायला बसले. त्यांनी पंचवीस वर्षं आंब्याच्या पेट्यांची गाडी वाशीला नेली होती. मालिनीबाई शेजारी, मांडीवर नकाशा. सदूने हट्टाने मागे ओव्हनपाशी जागा धरली. हायवे लागतो त्या हातखंब्यापर्यंत येतो, तिथून एसटीने परत जाईन, मला हलत्या गाडीत जाळ कसा राहतो ते बघायचंय, म्हणाला. आळी निरोप द्यायला उभी होती. काशीकाकूंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि संडासाच्या बाजूला मुद्दाम थोडा जास्त ओवाळला.

मिरजोळं गेलं. वारा गार होता. मालिनीबाईंनी काच वर केली.

हातखंब्याला अण्णांनी गाडी बाजूला घेतली. तिथून डावीकडे मुंबई, आणि मुंबईच्या पुढे गुजरात, आणि गुजरातच्या पुढे. सदू मागून उतरला आणि दिमाखात म्हणाला, "अण्णा, तेरा किलोमीटर, नि एकदा पन इजला नाय! ह्यो आता कच्चपत्तुर जातो!"

अण्णा समोरच्या चहाच्या टपरीकडे बघत होते. टपरीकडे नाही, टपरीमागच्या आंब्याच्या झाडाकडे. मग ते खाली उतरले, रस्ता ओलांडला, झाडाखाली उभे राहिले आणि मान वर करून बघत राहिले.

फांदीच्या टोकाला मोहोर होता. तुरा एवढासाच, वीतभर.

सदू त्यांच्या मागे धावला. "अण्णा, एकच झाड हाय. येडं असंल ते! रस्त्यावरचं, धुरातलं. त्येला काय कळतंय?"

"पहिलं एकच असतं," अण्णा म्हणाले.

"मी बगतो तुमची बाग! म्हैनाभर ऱ्हातो तितं! फवारनी करतो!"

"तू मोहोराला हात लावण्याआधी गाऱ्हाणं घालशील. तोवर तुडतुड्याची कीड पडेल."

हे खरं होतं. सदू गाडीपाशी परत आला आणि मालिनीबाईंच्या खिडकीखाली उभा राहिला. त्याच्या उंचीमुळे त्याचं तोंड बरोबर खिडकीत आलं. "बाई, तुमी सांगा त्येंना."

मालिनीबाईंनी नकाशाची घडी घातली. रस्त्यापलीकडे अण्णा अजून मान वर करून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मोहोर बघून होणारा आनंदही होता आणि बायकोकडे बघायची भीतीही होती, आणि दोन्ही एकाच वेळी लपवणं त्यांना जमत नव्हतं.

"अहो," मालिनीबाईंनी हाक मारली. "या परत. वळवा गाडी. नाहीतर तिथे जाऊन मिठाच्या ढिगात मोहोर शोधत बसाल."

अण्णा आले. बसले. गाडी सुरू करायच्या आधी म्हणाले, "पुढच्या वर्षी."

"हं," मालिनीबाई म्हणाल्या, आणि बिस्किटांचा एक डबा उघडून परत मागे चढलेल्या सदूकडे दिला. सदूने तो हातखंब्यापासून मिरजोळ्यापर्यंत संपवला.

त्या वर्षी आळीत कुणाकडेही पाळणा हलला नाही. घरगाडी फेब्रुवारीत चिपळूणच्या एका मंडपवाल्याने नेली. पुढच्या हिवाळ्यात मालिनीबाई एका सहल कंपनीच्या बसने कच्छला जाऊन आल्या, एकट्या. जेवणाची सोय कंपनीची होती.